सरकारची सावड



गटाची बैठक संपत आली, वह्या मिटल्या, की हळूच राजकारणाचा विषय निघतो. आणि कुणीतरी म्हणतंच, "आपण मत दिलं एकाला, सरकार झालं भलत्याचंच. मग उन्हात रांगेला उभं राहून मिळवलं काय?" हा राग खोटा नाही. २०१९ च्या विधानसभेला आपण एकदाच बटण दाबलं आणि त्या एका मतावर पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस या चार मोठ्या पक्षांपैकी त्या पाच वर्षांत सत्तेत बसला नाही असा एकही उरला नाही. मग मत वाया गेलं का?

आज त्याबद्दलच बोलू. कोणता पक्ष चांगला नि कोणता वाईट, हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण आघाडीचं सरकार बनतं कसं आणि पडतं कसं, हे कळल्याशिवाय आपला राग नेमका कुणावर काढायचा, तेच कळत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करू. आपण मुख्यमंत्र्याला मत देत नाही, पंतप्रधानालाही देत नाही. पोस्टरवर फोटो कुणाचाही असो, आपलं बटण फक्त आपल्या मतदारसंघाच्या माणसापुरतं असतं. परभणी जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ: जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी. सेलूच्या बायका जिंतूरसाठी मत देतात, पालम आणि पूर्णेच्या गंगाखेडसाठी, मानवत आणि सोनपेठच्या पाथरीसाठी. राज्यात असे २८८ आमदार निवडून जातात. त्यातल्या निम्म्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे १४५ जण ज्याच्या पाठीशी उभे राहतील, तो मुख्यमंत्री. दिल्लीतही तसंच आहे. लोकसभेत ५४३ खासदार, बहुमताचा आकडा २७२. आपल्या परभणी लोकसभा मतदारसंघात जिल्ह्यातले चार आणि जालना जिल्ह्यातले परतूर व घनसावंगी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार जातो.

ज्यांनी ग्रामपंचायतीत सदस्यांतून सरपंच निवडताना पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल. गावानं सदस्य निवडले आणि सदस्यांनी हात वर करून सरपंच केला. गाव एका पॅनलच्या बाजूनं असलं तरी दोन सदस्य इकडचे तिकडे झाले की सरपंच दुसऱ्याचा. विधानसभेत तेच होतं, फक्त माणसं जास्त आणि खुर्ची मोठी.

एका पक्षाचे १४५ आले तर प्रश्नच नसतो. पण महाराष्ट्रात १९९० नंतर एकाही पक्षाला एकट्याच्या जोरावर तो आकडा गाठता आलेला नाही. का, ते आपल्याच जिल्ह्याकडे बघून कळतं. २०१९ ला आपल्या चार जागांवर चार वेगळ्या पक्षांचे आमदार आले: जिंतूरला भाजप, परभणीला शिवसेना, गंगाखेडला राष्ट्रीय समाज पक्ष, पाथरीला काँग्रेस. २०२४ ला पुन्हा चार जागा आणि चार पक्ष: जिंतूर भाजप, परभणी ठाकरेंची शिवसेना, गंगाखेड राष्ट्रीय समाज पक्ष, पाथरी अजित पवारांची राष्ट्रवादी. एका जिल्ह्यात लोक इतके वेगळे विचार करतात, तर अख्ख्या राज्याची गोष्ट काय सांगावी? लोकांनीच मतं अशी विभागून दिली की कुणाला तरी कुणाशी तरी जुळवून घ्यावंच लागतं.

हे जुळवून घेणं आपल्याला नवं नाही. आपल्याकडे सावड करतात. तुमच्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक बैल. एकट्या बैलानं औत चालत नाही. मग दोघांची मिळून जोडी करायची, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. आघाडी म्हणजे ही सावडच. आणि सावड मोडते तीही एकाच कारणानं: पाऊस पडून वापसा झाला की आधी कुणाच्या रानात औत घालायचं?

२०१९ ला नेमकं हेच घडलं. भाजप आणि शिवसेना यांनी युती करून निवडणूक लढवली. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६. बेरीज १६१, म्हणजे बहुमताच्या वर. सरकार आठवड्यात व्हायला हवं होतं. पण शिवसेना म्हणाली, मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं होतं. भाजप म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. आधी कुणाचं रान, त्यावर सावड मोडली. ठरलं होतं की नव्हतं, हे आपल्याला आजही सांगता येणार नाही, कारण ते मतदारासमोर कागदावर मांडलेलंच नव्हतं. आमचा पहिला आक्षेप इथे आहे. मत मागायला दोघे एकत्र आले, पण आपसातला करार मत देणाऱ्यांना दाखवला नाही. बचत गटात पाच हजारांचं कर्ज द्यायचं तरी आपण ठराव लिहितो, सह्या घेतो.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. कुणाचंच जमेना म्हणून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेऊन मोकळे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ तारखेला न्यायालयानं सांगितलं, उद्या सभागृहात बहुमत सिद्ध करा. त्याच दिवशी दोघांनी राजीनामे दिले. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, मिळून १५४, शिवाय काही छोटे पक्ष आणि अपक्ष. ३० नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठरावावर त्यांच्या बाजूनं १६९ मतं पडली.

न्यायालयानं 'सभागृहात सिद्ध करा' असं का म्हटलं, यालाही अर्थ आहे. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की सरकारकडे बहुमत आहे की नाही, हे राजभवनातल्या यादीवरून किंवा राज्यपालांच्या मनावरून ठरवायचं नाही, सभागृहात मोजून ठरवायचं. मोजणी खरंच किती बारीक होते बघा: १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारला २६९ मतं पडली आणि विरोधात २७०. एका मतानं देशाचं सरकार पडलं. कारण सरकारला पाठिंबा देणारा जयललितांचा पक्ष बाजूला झाला होता.

आघाड्या काही २०१९ ला सुरू झाल्या नाहीत. १९७८ साली वसंतदादा पाटलांचं दोन काँग्रेसचं मिळून सरकार होतं. त्यातून शरद पवार बाहेर पडले आणि जुलैत पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार करून अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. १९९५ ला शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ झाले. सात कमी पडत होते, ते अपक्षांनी भरून काढले. १९९९ ला काँग्रेस आणि नवी निघालेली राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र बसले. ती जोडी पंधरा वर्षं टिकली. २०१४ ला भाजप १२२ वर थांबला. शिवसेना वेगळी लढली होती, ती डिसेंबरात सरकारात आली. मधल्या काळात राष्ट्रवादीनं 'बाहेरून पाठिंबा' जाहीर केला होता. बाहेरून पाठिंबा म्हणजे मंत्रिपद घ्यायचं नाही, पण सरकार पडूही द्यायचं नाही. औताला हात लावायचा नाही, पण बैल आपला, कधीही सोडून नेता येतो.

तेव्हा निवडणुकीआधीची युती आणि निकालानंतरची आघाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कायद्यात बसतात. पण मतदाराच्या बाजूनं पाहिलं तर पहिलीत तुम्हाला आधी कळतं की कुणासोबत कोण येणार. दुसरीत नंतर कळतं. दुसरी वाईटच असते असं आम्ही म्हणणार नाही. निकालानंतरच्या आघाडीनं निदान आपला किमान समान कार्यक्रम, म्हणजे आम्ही मिळून अमुक करणार याची यादी, लोकांपुढे ठेवली पाहिजे. २०१९ च्या महाविकास आघाडीनं शपथविधीच्या दिवशी तो ठेवला. त्यात शेतकऱ्यांची कर्जमाफी होती, दहा रुपयांत जेवण होतं. डिसेंबरात दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. यादी छापलेली होती म्हणून लोकांना विचारता आलं, काय झालं नि काय राहिलं.

तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे आणि खरी चीड त्याचीच आहे. युती नाही, निकाल नाही, मध्येच आमदारांनी बाजू बदलायची. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री झाले. ४ जुलैला ठराव १६४ विरुद्ध ९९ असा जिंकला. आपल्या शेजारच्या कळमनुरीचे शिवसेना आमदार आदल्या दिवसापर्यंत ठाकरेंकडे होते, ठरावाच्या दिवशी शिंदेंकडे गेले. आपले परभणीचे आमदार ठाकरेंकडेच राहिले. पुढे २ जुलै २०२३ ला अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले. आणि या सगळ्यात मतदाराला कुणी विचारलं नाही.

मग कायदा कुठे होता? कायदा आहे. १९८५ साली घटनेत दहावं परिशिष्ट आलं, तो पक्षांतरबंदी कायदा. आमदारानं पक्ष सोडला किंवा पक्षाचा आदेश, ज्याला व्हिप म्हणतात, तो मोडून मत दिलं, तर आमदारकी जाते. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना सूट होती. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती काढली. आता दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन झालं तरच सूट आहे. त्याच दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्याही बांधली: सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३. आधी आघाडी सांभाळायला हव्या तेवढ्यांना मंत्री करता येत होतं, ते थांबलं.

पण आमदारकी घालवायचा निर्णय घेतं कोण? विधानसभेचे अध्यक्ष. आणि अध्यक्ष निवडतं कोण? ज्यांच्याकडे बहुमत आहे ते. इथेच पाणी मुरतं. शिवसेनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. राज्यपालांनी ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते योग्य नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. पण ठाकरेंनी मतदानाला सामोरं न जाता स्वतःच राजीनामा दिला होता, त्यामुळे त्यांना परत खुर्चीवर बसवता येत नाही, असंही म्हणालं. अपात्रतेचं काय ते अध्यक्षांनी ठरवावं, असं सांगितलं. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. बंड जून २०२२ चं, निर्णय जानेवारी २०२४ चा. आमच्या मते हा कायदा असा आहे की कुंपण आहे, पण फाटकाची किल्ली आत बसलेल्यांच्याच हातात.

या उलथापालथीचा गावाला काय फरक पडतो, असंही विचारतात. सरपंचाचंच घ्या. २०१७ ला भाजप-शिवसेना सरकारनं ठरवलं, सरपंच थेट लोकांतून निवडायचा. २०२० ला महाविकास आघाडीनं ते रद्द केलं, सरपंच पुन्हा सदस्यांतून. २०२२ ला शिंदे-फडणवीस सरकारनं ते परत थेट केलं. गंमत म्हणजे पहिल्या निर्णयावेळीही मंत्रिमंडळात शिवसेना होती आणि तो फिरवतानाही होती. सरपंचपदाची तयारी करणाऱ्या बाईनं वॉर्डातल्या बायका धरायच्या की अख्खं गाव, हे वर मुंबईत कोण कुणासोबत बसलंय यावर ठरत होतं.

दुसरं पालकमंत्र्याचं. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. जिल्ह्याला आलेल्या पैशातून रस्ता आधी की अंगणवाडीची खोली आधी, हे त्या बैठकीत ठरतं. म्हणून आघाडीत पालकमंत्रिपदावरून भांडणं होतात. जानेवारी २०२५ मध्ये यादी लागली तेव्हा परभणीला जिंतूरच्या आमदार मेघना बोर्डीकर पालकमंत्री झाल्या. रायगड आणि नाशिकच्या नेमणुका मात्र दुसऱ्याच दिवशी स्थगित कराव्या लागल्या, कारण मित्रपक्ष नाराज. सरकारकडे २३० आमदार होते तरी ही गत. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. विरोधक सरकार पाडू शकत नव्हते, पण घरातली वाटणी राहतेच.

आणि लाडक्या बहिणीचे पैसे. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून घोषणा केली, तेव्हा मुख्यमंत्री शिंदे होते आणि सरकारात सर्वात मोठा पक्ष भाजप. महिन्याला १,५०० रुपये. मग श्रेय घ्यायला तिघेही पुढे. निवडणुकीत महायुती म्हणाली २,१०० देऊ, महाविकास आघाडी म्हणाली ३,००० देऊ. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. २,१०० चा शब्द महायुतीच्या दहा वचनांत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूरच्या सभेत तिन्ही पक्षांनी मिळून ती वचनं दिली. म्हणजे तुमचा आमदार त्या तिघांपैकी कुठल्याही पक्षाचा असला तरी "तो शब्द आमचा नव्हता" असं त्याला म्हणता येत नाही. श्रेय वाटून घेतलं तसा शब्दही वाटून घ्यावा लागतो. आघाडीत हा एक फायदाच आहे, विचारायला माणसं जास्त.

आता यंत्रावरच्या चिन्हाबद्दल. आघाडीमुळे इथे बायकांची खरी फसगत होते. २६ एप्रिल २०२४ ला आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं. महायुतीनं परभणीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना सोडली होती. म्हणजे त्या यंत्रावर महायुतीला मत द्यायचं, तर ना कमळ, ना धनुष्यबाण, ना घड्याळ. शिट्टी शोधायची. समोर संजय जाधव, २०१९ ला धनुष्यबाणावर निवडून आलेले, २०२४ ला मशाल घेऊन उभे आणि मशालीवर निवडूनही आले. कारण १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं होतं. वर्षभरानं घड्याळ अजित पवारांना मिळालं आणि शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस. सासूबाईंना वर्षानुवर्षांचं चिन्ह पाठ असतं. त्यांना यंत्रासमोर गेल्यावर कळून उपयोग नाही. मतदानाच्या आठ दिवस आधी गटाच्या बैठकीत उमेदवाराचं नाव, त्याचा यंत्रावरचा क्रमांक आणि चिन्ह मोठ्यानं वाचून घ्या. सगळ्या उमेदवारांचं वाचा, म्हणजे कुणाचा प्रचार होत नाही.

प्रचाराला उमेदवार दारात येतो तेव्हा आपण नळाचं, रस्त्याचं, विहिरीचं विचारतो. ते विचारायचंच. त्याच्या जोडीला एवढं विचारा: तुमच्या पक्षाला बहुमत मिळालं नाही तर कुणासोबत जाल आणि कुणासोबत अजिबात जाणार नाही? उत्तर चार जणींच्या देखत घ्या आणि गटाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहून ठेवा. कायद्यात त्या कागदाला किंमत नाही, न्यायालयात तो चालणार नाही. पण पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा ओट्यावर येऊन बसतो, तेव्हा वही उघडून त्याचं त्यालाच वाचून दाखवता येतं. आणि मध्येच त्यानं बाजू बदलली, तर सगळ्या गटांनी मिळून एक साधं पत्र लिहावं: आम्ही अमुक चिन्हाला मत दिलं होतं, आपण आता अमुकांसोबत आहात, कारण कळवावं. एक प्रत त्यांच्या कार्यालयात द्या आणि पोहोच घ्यायला विसरू नका. पोहोच नसली की पत्र मिळालंच नाही म्हणायला ते मोकळे.